खिडकीतली बाटली

॥ श्री ॥

ठाकुर्ली (पूर्व),
दि. २४ मे

चि. निनाद यास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू पाठवलेला तुझ्या स्वयंपाकघराचा फोटो आम्ही तिघींनी पाहिला. आजी म्हणाली, पोरगं वाळलंय. तुझी आई म्हणाली, ओटा किती स्वच्छ ठेवलाय बघा. माझी नजर मात्र तुझ्या खांद्यामागच्या खिडकीत अडकली. काचेची बाटली, तिच्यात तेलात बुडालेल्या लसणाच्या पाकळ्या आणि लाल मिरच्या, वरून छान ऊन पडलेलं. मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल अशी. फोनवर विचारलं तर म्हणालास, "पंधरा दिवस झाले आत्या, मस्त मुरतंय. चार जुलैला हॉटडॉगवर घालायला सॉस करतोय." तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही.

फोनवर तुला काही सांगावं तर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि मागे कुठलीतरी मॅच चालू असते. म्हणून हे पत्र. तळमजल्यावरच्या देशमुखांची लेक पाच जूनला शिकागोला चालली आहे, ती तिथून पोस्टात टाकेल. सोबत मिरचीपूड आहे. पण तोवर वाट बघू नकोस, बाळा. ती बाटली आजच फेक, हे मी फोनवर सांगितलं आहेच आणि इथे पुन्हा लिहिते आहे. खिडकीत फक्त कल्याणचा खिडकी वडा शोभतो.

आता तू म्हणशील, आत्या आयुष्यभर लोणच्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत बसली, तिला सगळीकडे जंतूच दिसतात. दिसतात खरे. पण तू विचारलेली सॉसची कृती आधी देते, नाहीतर पत्र अर्ध्यावर टाकशील.

तुमच्या डेट्रॉइटकडचा तो कोनी हॉटडॉग म्हणजे काय, ते तू पाठवलेल्या व्हिडिओत मी नीट पाहिलं. मऊ पाव, आत सॉसेज, वर पातळसर मांसाचा सॉस, पिवळी मोहरी आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. मला हसूच आलं. अरे, हा तर आपला खिमा-पाव! ग्रीसहून आलेल्या लोकांनी तो तिकडे रुजवला. डेट्रॉइटमधलं अमेरिकन कोनी आयलंड १९१७ सालचं, आणि त्याला लागूनच लाफाएट नावाचं दुसरं. भाऊभाऊ आणि भिंतीला भिंत, म्हणजे आपल्याकडच्यासारखंच. कोनी आयलंड आहे न्यूयॉर्कला, पदार्थ वाढला मिशिगनमध्ये आणि करणारे ग्रीक. वडापावाचं तरी काय वेगळं? पाव आणला पोर्तुगीजांनी, बटाटा आणि मिरची मुळात अमेरिकेची, आणि दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्यांनी ते एकत्र बांधलं असं सांगतात. म्हणजे मी पाठवते आहे ती मिरची तुझ्याकडे माहेरपणालाच येते आहे म्हण.

तर खिम्याचा सॉस असा. अर्धा किलो खिमा घे. तिकडे दुकानात बहुधा गाईचाच मिळतो, पण डिअरबॉर्नला हलाल मटणाची दुकानं आहेत असं तूच सांगितलं होतंस, तिथून मटणाचा बारीक दळून आण, किंवा टर्कीचा घे. काय घेतलंस ते आजीला सांगू नकोस. आपण खिमा करताना आधी कांदा परततो, मग खिमा परततो. इथे तसं करायचं नाही. कच्चा खिमा गार पाण्यात हाताने मोडायचा, अगदी लगदा होईपर्यंत, आणि मग पातेलं गॅसवर चढवायचं. परतलास तर गुठळ्या राहतील, आणि हॉटडॉगवर गुठळी बसत नाही, घरंगळते. दोन कांदे अगदी बारीक, चार लसूण पाकळ्या, चमचाभर जिरेपूड, दोन चमचे काश्मिरी तिखट, मीठ, टोमॅटोची थोडी पेस्ट. मंद आचेवर तासभर रटरटू दे. शेवटी चमच्याने उचलल्यावर ओघळेल पण वाहणार नाही, इतपत आट.

आता मिरचीचं ऐक, कारण इथे तू फसणार आहेस. तिकडच्या दुकानात "चिली पावडर" म्हणून जी डबी मिळते ती आपलं तिखट नव्हे. तिच्यात मिरचीबरोबर जिरं, ओरेगानो, लसणाची पूड असं सगळं मिसळलेलं असतं. तो तयार मसाला आहे. म्हणून तिकडच्या कृतीत "तीन मोठे चमचे" लिहिलेलं असतं. तू त्या मापाने आपलं लवंगी तिखट घातलंस तर तुझे पाहुणे स्वातंत्र्यदिनीच स्वर्गवासी होतील. आणि उलट, ती डबी वापरून आपली लसणाची चटणी केलीस तर तिला औषधाच्या दुकानाचा वास येईल. मी पाठवलेली पूड बेडगीची आहे. रंग भरपूर, तिखट बेताचं. झणका हवा असेल तर वेगळ्या पुडीत चिमूटभर शंकेश्वरी ठेवली आहे. पुडीवर लाल शाईने "जपून" लिहिलं आहे, ते थट्टेने लिहिलेलं नाही.

तिखटपणा मोजायची जी स्कोव्हिलची पट्टी आहे ना, तीसुद्धा तुमच्या डेट्रॉइटचीच बरं. विल्बर स्कोव्हिल तिथल्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत होता. १९१२ साली त्याने मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत न्यायचा आणि चाखणाऱ्यांची जीभ जळायची कधी थांबते ते बघायचं, अशी रीत काढली. आम्हाला नोकरीत हे शिकवलं तेव्हा मला त्या चाखणाऱ्यांचीच दया आली होती. सात वर्षांचा असताना तूही असाच एक प्रयोग केला होतास. आठवतंय? गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, तू त्यात जहाजं चालवलीस आणि तेच हात डोळ्यांना लावलेस. चोळेगावातून मसाला करायला आलेल्या आगरी काकूंनी तुला उचलून घरात आणलं. आम्ही पाणी मारत होतो आणि तू अजूनच ओरडत होतास. काकूंनी आधी तुझे हात तेलाने चोळले, मग साबणाने धुतले, आणि मगच डोळ्यांकडे वळल्या. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, हे त्यांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. तेव्हा मिरच्या चिरताना हातमोजे घाल, आणि तू काँटॅक्ट लेन्स लावतोस म्हणून दोनदा सांगते.

तेलावरून पुन्हा बाटली आठवली.

आपल्या डोक्यात लहानपणापासून एक बसलेलं असतं: वर तेल सोडलं की पदार्थ टिकतो. लोणच्यावर बोटभर तेल हवंच, नाहीतर बुरशी येते, हे आजीचं वाक्य तू शंभरदा ऐकलं आहेस. खोटं नाही ते. बुरशीला हवा लागते, तेल हवा अडवतं. पण लोणचं टिकवणारं खरं कोण? मीठ आणि आंबट. कैरी मुळातच आंबट, तिला आपण रात्रभर मीठ लावतो, पाणी काढतो. तेल फक्त दाराशी बसलेला राखणदार. तुझ्या बाटलीत ना आंबट, ना मीठ. आहे ओला लसूण, तो मातीतून आलेला, आणि मातीत एक जंतू असतो, क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम. त्याचे बीजाणू साध्या उकळण्यानेही मरत नाहीत. आणि गंमत अशी की त्याला हवा नकोच असते. हवा नाही, आंबट नाही, ओल आहे, खोलीची ऊब आहे: तू त्याला तेलाखाली अगदी हवं तसं घर बांधून दिलंस आणि वर ऊन दाखवलंस.

त्याचं विष फार जालीम. वास नाही, चव नाही, बाटलीला फेस येईलच असंही नाही. त्यामुळे "हुंगून बघतो, चांगलं वाटतंय" याला काही अर्थ नाही. जे बघता येत नाही ते चाखून ठरवायचं नसतं, हे आमच्या कारखान्यात नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगायचे. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये हेच झालं. तेलातला चिरलेला लसूण फ्रीजबाहेर ठेवलेला, तो एका हॉटेलातल्या खाण्यातून गेला आणि ३६ जण आजारी पडले. तुझ्या आणखी जवळचं सांगू? तू राहतोस त्या नोव्हायपासून फार लांब नाही ते पाँटिअ‍ॅक, तिथे १९७७ मध्ये एका हॉटेलात घरगुती पद्धतीने बरण्यांत भरलेल्या हालापेन्यो मिरच्या होत्या. त्यांचा तिखट सॉस खाऊन ५९ जणांना हाच आजार झाला. आणि २००७ मध्ये तर चक्क डबाबंद हॉटडॉग चिली सॉसमधूनच आठ जणांना झाला होता, तो माल देशभरातून परत मागवावा लागला. म्हणजे कारखान्यातही चुकतं रे. मग खिडकीत का नाही चुकणार?

घाबरवायला लिहीत नाही. थोडं घाबरवायलाच लिहिते आहे.

तुझ्या आजोबांचं सांगते. ते पॉवर हाऊसला होते हे तुला माहीत आहे. १९२९ साली जी.आय.पी. रेल्वेने गाड्यांच्या विजेसाठी उभारलेलं चोळ्याचं पॉवर हाऊस, ऐंशीच्या दशकात बंद पडलं. तू पाहिलंस ते त्याचं रिकामं आवारच. मी शाळेत असताना कधीकधी त्यांना डबा पोचवायला जायचे. फाटकाशीच कोळशाचा वास आणि गरम हवेचा झोत यायचा. रात्रपाळीच्या डब्यात आजी कधीही ओली चटणी द्यायची नाही. भाकरी, कांदा आणि लसणाची सुकी चटणी. एकदा मी विचारलं, रोज तेच का गं? तर म्हणाली, "तिथल्या उष्म्यात ओलं उतरतं, सुकं राहतं." तिला पीएच म्हणजे काय ते आजही माहीत नाही. मी पंचवीस वर्षं पीएच मोजला आणि शेवटी तिच्याच वाक्यापाशी आले.

म्हणून माझं ऐकशील तर चार जुलैला दोन वाट्या ठेव. एकीत तो खिम्याचा सॉस, गरम. दुसरीत आपली वडापावाची सुकी चटणी. एक वाटी किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर बदामी भाज आणि काढून ठेव. पंधरा-वीस लसूण पाकळ्या थेंबभर तेलावर परत, कडा लालसर होऊन कोरड्या पडेपर्यंत. थोडे तीळ, थोडे शेंगदाणे, तीन चमचे बेडगीची पूड, मीठ. सगळं पूर्ण गार झाल्यावर मिक्सरला थांबून थांबून फिरव. एकदम फिरवलंस तर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. खलबत्ता असता तर म्हणाले असते कूट, पण तुझ्या खालच्या मजल्यावर कोण राहतं देव जाणे. आणि बेसनाचा चुरा विसरू नकोस. बेसन पातळ भिजवून झाऱ्यातून तेलात सोड, कुरकुरीत झाला की चटणीत चुरड. स्टेशनबाहेरच्या गाडीवर तू वडा नको, नुसता चुरा दे म्हणून हट्ट करायचास आणि तो गाडीवाला कागदावर मूठभर द्यायचा. फुकट. मला मात्र वडा घ्यावाच लागायचा.

ही चटणी कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्याने. हॉटडॉगवर ती नुसती टाकलीस तर उडेल, म्हणून पावाला आधी बटर लावून दाबून घे. खिमा न खाणाऱ्यांसाठी सॉसेजच्या जागी लांबट बटाटेवडा कर. पावाचा आकार बघून वडा वळायचा, त्यात लाज कसली? लोक तेवढाच मागतील बघ.

सॉसच हवा, पातळच हवा, असं असेल तर त्याचीही रीत आहे. दहा-बारा सुक्या मिरच्या गरम पाण्यात भिजव, सहा पाकळ्या लसूण, मीठ, थोडा गूळ, आणि पाण्याऐवजी व्हिनेगर. बाटलीवर पाच टक्के आम्ल लिहिलेलं बघून घे. वाट, गाळ, दहा मिनिटं उकळ, गार झाला की थेट फ्रीजमध्ये. आंबटपणा पीएच ४.६ च्या खाली असला की तो जंतू वाढत नाही. आम्ही सगळा हिशेब त्या आकड्यावर करायचो. पण तुझ्याकडे मोजायचं यंत्र नाही, म्हणून आंबट केलं तरी फ्रीज सोडायचा नाही आणि पंधरवड्यात संपवायचा. लसूण-तेलाची फोडणीच आवडत असेल तर त्या दिवसापुरती कर. उरली तर फ्रीजमध्ये, चार दिवस, मग टाकून दे. टाकायला जीव होत नाही, माहीत आहे मला. तू आमच्याच घरचा. आजी अजून रिकाम्या दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते.

ठाण्याच्या गजानन वडापाववाल्याकडची ती पिवळी, बेसनाची पातळ चटणी तुला फार आवडायची. तीही विचारली होतीस. ती करशील तर खाण्याच्या वेळीच कर, साठवू नकोस. बेसनाचं पातळ उन्हाळ्यात दुपारपर्यंतही धड राहत नाही.

खिम्याचंही तेच. तुम्ही वीस जण असाल, मोठं पातेलं कराल, आणि फटाके बघायला बाहेर जाल. परत येईपर्यंत ते ओट्यावर कोमट. असं करायचं नाही. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत वाटून फ्रीजमध्ये टाक. मोठं पातेलं आतून तासन् तास गार होत नाही आणि मधल्या उबेत नको ते वाढतं. तीन-चार दिवसांत संपव, आणि खाताना चांगला खदखदेपर्यंत गरम कर. आणि हो, मिरच्या भाजशील तेव्हा खिडकी उघडी ठेव, पंखा लाव. मागच्या वेळी तुझ्या नुसत्या फोडणीने इमारतीचा भोंगा वाजला होता आणि लोक जिना उतरून खाली आले होते. हे तू आम्हाला सांगितलं नाहीस, तुझ्या मित्राने सांगितलं.

इकडचं म्हणशील तर उकाडा मरणाचा. आभाळ रोज संध्याकाळी भरून येतं आणि कल्याणकडे निघून जातं. डंखावर मसाला कुटायला रांग लागली आहे, दोन दिवस सारी गल्ली शिंकते आहे. आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर करू म्हणाले. समोरची चाळ पाडली, तिथे बावीस मजले येणार म्हणे. सध्या नुसता खड्डा आहे आणि त्यात बगळे. तुझी आई अजून त्याच ८.०७ च्या स्लो लोकलने जाते. फास्ट आपल्याकडे थांबत नाही याचं दुःख तिने आता सोडलं आहे. बसायला मिळालं तर मला फोन करून सांगते, एवढाच तिचा आनंद.

तुझी आठवण रोज निघते. तू स्वतः रांधतोस हे ऐकून मला किती बरं वाटतं ते कधी बोलले नाही. आमच्या घरातल्या पुरुषांनी चहापलीकडे काही केलं नाही, आणि तू परक्या गावात वीस माणसांना घालायला निघालास. मिरच्या नासल्या, सॉस करपला, कुणी नावं ठेवली, तरी काही बिघडत नाही. पण बाळा, आंबट नाही, मीठ नाही, असं ओलं काहीही तेलाखाली बाहेर ठेवू नकोस. त्या बाटलीतलं आधी कुणी चमचाभर खाल्लं असेल आणि पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास, यातलं काहीही वाटलं, तर झोपून बघू म्हणू नका. सरळ हॉस्पिटलात जा आणि तेलातला लसूण खाल्ला होता हे स्पष्ट सांगा. याच्यावर औषध आहे, पण लवकर गेलं तर.

पत्र मिळाल्यावर खिडकीचा फोटो पाठव. नुसत्या खिडकीचा. तुझा चेहरा नसला तरी चालेल, आजीला मी सांगेन समजावून.

तुझी,
आत्या

ता. क. बाटलीचं झाकण उघडू नकोस. दोन पिशव्यांत गुंडाळून तशीच टाक. काचेची बाटली वाया गेली म्हणून आजी हळहळते आहे, तिला म्हटलं, मी दुसरी घेऊन देईन.